डॅन्यूबकाठची सायकल आणि पलूसची वाट

सांगलीच्या गणपती पेठेत बेचाळीस वर्षे बेदाण्याची अडत चालवणाऱ्या अण्णांना त्यांच्या मुलीने म्युनिकहून फोन केला आणि सांगितले, की जूनचा दुसरा आठवडा मोकळा ठेवा, डॅन्यूब नदीच्या काठाने विजेच्या सायकलींवरून आणि जहाजातून आठ दिवसांचा प्रवास करायचा आहे. त्यावर अण्णांचा पहिला प्रश्न खर्चाचा नव्हता. "त्या भागात पिकते काय?" असे त्यांनी विचारले. मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, "द्राक्षे." "खायची, की बेदाण्याची?" "वाइनची, अण्णा." यानंतर अण्णा काही बोलले नाहीत. फोन अक्कांच्या हाती देऊन ते दुकानाकडे निघून गेले.

या अबोल्यामागे एक जुनी गोष्ट होती. ती घरात सर्वांना ठाऊक होती, पण कोणी तिचा उच्चार करीत नसे. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस अशा दोन ठिकाणी वाइन उद्योगासाठी औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. पलूसची सामाईक बाग अण्णांचे धाकटे बंधू पाहत असत. २००६ मध्ये त्यांच्या मनाने घेतले, की बागेतील चार एकरांत वाइनची वाणे लावावीत आणि पुढे स्वतःचा छोटा कारखाना काढावा. बँक कर्ज देण्यास तयार होती. मात्र जमीन एकत्र कुटुंबाची असल्याने गहाणखतावर थोरल्या भावाची सही आवश्यक होती. ती सही अण्णांनी दिली नाही. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये रसवाणिज्य येते, आणि दोष केवळ करण्यात नसतो; करविण्यात आणि अनुमोदनेतही असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. बंधूंनी एवढेच विचारले, "अण्णा, फळ विकले तर व्यापार आणि रस काढला की पाप?" सहा महिन्यांत वाटणी झाली. बंधूंनी आपल्या हिश्श्यात एका कंपनीशी करार करून वाइनची द्राक्षे लावलीच. २००८ नंतरच्या मंदीत कंपनीने माल उचलणे थांबवले. ही द्राक्षे बारीक मण्यांची आणि बियांची. ना खाण्याच्या बाजारात चालत, ना त्यांचा बेदाणा होत. २०१० मध्ये त्यांनी बाग उपटून टाकली. तेव्हापासून दोघा भावांची भेट लग्नात नाहीतर पंचकल्याणकाच्या मंडपात होई आणि बोलणे पाऊसपाण्यापुरते राही.

अखेर अण्णा निघाले, याचे श्रेय साताऱ्याच्या व्याह्यांना द्यावे लागेल. जावयाचे वडील साताऱ्यात कापडाचे व्यापारी. दुकान मुलाच्या स्वाधीन करून मोकळे झालेले. त्यांनी फोनवर सांगितले, "अण्णासाहेब, वाइन पिणारे पितील. नदी काय पिण्याच्याच कामाची असते का?" अक्कांची अडचण वेगळी होती. त्यांचे माहेर भिलवडीचे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना घेऊन येणारी नाव उलटली, तेव्हापासून त्या हरिपूरच्या संगमावर गेल्या तरी नावेकडे पाठ करून उभ्या राहत. मुलीने जहाजाची छायाचित्रे पाठवली, लांबीरुंदी कळवली, जीवरक्षक जाकिटे कुठे ठेवलेली असतात तेही लिहिले. अक्कांनी सगळे वाचले आणि सामानात पाणी गाळण्याचे फडके, दशम्या, शेंगदाण्याची चटणी व बिनलसणाचे भडंग भरले. हाच त्यांचा होकार होता.

प्रवास जर्मनीच्या सीमेवरील पासाऊ या गावातून सुरू झाला. येथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. इनचे पाणी हिमनद्यांमुळे हिरवट, इल्झचे काळपट, आणि मिळाल्यानंतरही काही अंतर हे रंग वेगवेगळे दिसतात. साताऱ्याच्या व्याह्यांना माहुलीचा संगम आठवला. अण्णांनी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाचा दाखला दिला, जिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. कृष्णा कोणाची, हा वाद दोन्ही व्याह्यांत जुनाच आहे. सातारकर म्हणतात, नदी महाबळेश्वरी उगम पावते, धोमचे धरण आमचे, कोयना आमची, तुमच्याकडे येते ते आमचे उरलेले. अण्णांचे ठरलेले उत्तर असे, "उरलेले येते तोवर ठीक, तुम्ही धरणाचे दरवाजे उघडता तेव्हा आमची पेठ बुडते."

त्याच दुपारी पासाऊच्या जुन्या नगरभवनासमोर हा विनोद थांबला. त्या इमारतीच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. सर्वांत वर १५०१ ची, आणि तिच्या खालोखाल २०१३ ची, पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढल्याची. माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर त्या रेघा आहेत. अण्णा मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेले होते. त्या वर्षी दुकानातील माल गेला, वह्या गेल्या. भिंतीवर उमटलेली गढूळ रेघ अण्णांनी दिवाळीआधी रंग देऊन झाकून टाकली होती. इथे लोकांनी ती दगडात कोरून ठेवली होती.

या प्रवासाची रीत सोपी असते. जहाज हेच फिरते घर. सकाळी न्याहारीनंतर प्रवासी सायकली घेऊन काठावर उतरतात, तीसचाळीस किलोमीटर चालवतात. तोवर जहाज पुढच्या गावी जाऊन थांबते. नदीच्या काठाने सायकलमार्ग आहे आणि त्यावर बहुतेक ठिकाणी मोटार फिरकत नाही. विजेच्या सायकलीची मोटार आपण पायडल मारले तरच साथ देते आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरवर गेला की साथ सोडते. अक्कांनी शाळकरी वयानंतर सायकलला हात लावला नव्हता. गुडघे दुखरे, वय चौसष्ट. पंजाबी ड्रेस घालून, शिरस्त्राण बांधून त्या जहाजाच्या धक्क्यावर दोन फेऱ्या मारून आल्या आणि तिसऱ्या फेरीत दिसेनाशा झाल्या. अण्णांनी मात्र पहिले दोन दिवस मोटार बंदच ठेवली. अशा सायकली वजनाने जड असतात. परिणामी सडसष्ट वर्षांचे अण्णा घामाघूम होऊन शेवटी पोहोचत आणि सर्वजण त्यांच्यासाठी ताटकळत. तिसऱ्या दिवशी मार्गदर्शक मुलीने, ती लिंझची होती, काही न बोलता त्यांच्या सायकलीचे बटण दाबून दिले. अण्णांनी ते पुन्हा बंद केले नाही.

दररोज सकाळी सायकलीवर बसण्यापूर्वी ते डोळे मिटून त्या दिवसाची क्षेत्रमर्यादा करीत: या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत, नदीपासून इतक्या अंतराच्या आत. देशावकाशिक व्रत घरी बसून पाळणे सोपे असते, कारण घरचा माणूस तसाही कोठे जात नाही. इथे रोज नवी वाट फुटे आणि रोज मर्यादा पाळावी लागे. एकदा सर्व मंडळी टेकडीवरचा किल्ला पाहायला गेली, तेव्हा अण्णा खालीच थांबले, कारण सकाळी त्यांनी टेकडी धरली नव्हती.

जेवणाची चिंता फोल ठरली. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो; जहाजावरचे संध्याकाळचे जेवण सातला असे. सांगलीत हिवाळ्यात साडेपाचला दुकानाच्या फळ्या लावून धावत घरी येणाऱ्या माणसाला दोन तास दिवस शिल्लक ठेवून हात धुता येणे ही चैनच वाटली. वाद झाला तो पांढऱ्या शतावरीवरून. ही त्यांच्याकडची मोसमी भाजी. जूनच्या चोवीस तारखेपर्यंतच काढतात. कोंबावर ऊन पडू नये म्हणून मातीचा ढीग चढवून ती वाढवतात, म्हणून पांढरी. आचाऱ्याने कौतुकाने मांडली. साताऱ्याच्या विहीणबाईंचे म्हणणे, हा कंद नव्हे, कोंब आहे, चालेल. अक्कांचे म्हणणे, जमिनीच्या पोटातून आले ते आले. वीस मिनिटे शास्त्रार्थ झाल्यावर भाजी निवून गेली आणि सर्वांनी टोमॅटोभात खाल्ला. आचारी दुसऱ्या दिवशी हिरवी शतावरी घेऊन आला, ती उजेडात वाढते. ती सर्वांनी खाल्ली.

डॅन्यूबवर जागोजागी वीजकेंद्रांचे बांध आहेत. जहाज बांधापाशी येऊन दोन दरवाजांच्या अरुंद कोठीत शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, कोठीतले पाणी हळूहळू उतरते आणि कितीतरी मीटर खाली गेल्यावर पुढचा दरवाजा उघडतो. अक्का पहिल्या खेपेस खोलीत जाऊन णमोकार म्हणत बसल्या होत्या. तिसऱ्या खेपेपासून कठड्याशी उभ्या राहून पाणी किती उतरले ते भिंतीवरच्या आकड्यांवर मोजू लागल्या.

मेल्क ते क्रेम्स हा सुमारे छत्तीस किलोमीटरचा टप्पा म्हणजे वाखाऊचे खोरे. २००० मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. येथे नदीवर बांध नाही, ती मोकळी वाहते. काठाच्या उभ्या डोंगरउतारांवर चुना-सिमेंट न वापरता केवळ दगडावर दगड रचून बांधलेल्या ताली आहेत आणि त्या प्रत्येक तालीवर द्राक्षे. वरच्या मालकाची भिंत ढासळली, तर खालच्याच्या वेली गाडल्या जातात. खाली सपाटीवर जर्दाळूच्या बागा. या जर्दाळूला भौगोलिक नामांकनाचे संरक्षण आहे, जसे आपल्याकडे सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला मिळाले आहे.

इथे अण्णांच्या चेहऱ्यावर प्रथमच दुकानातला उत्साह आला. ते सायकल टेकवून वेलींत शिरले. वेली फुलोऱ्यात होत्या. तासगावकडे याच दिवसांत एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची काडी तयार होत असते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि जानेवारीपासून माल. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडी नाही, म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते आणि पंधराएक वर्षांत वेल थकते. इथे वेल हिवाळाभर झोपते, छाटणी वर्षाला एकच, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या वेली उभ्या होत्या. अण्णांनी एका खोडाला हाताने वेढा घातला. बोटे एकमेकांना लागली नाहीत. स्पिट्झ गावाच्या डोंगराचे नाव हजार बादल्यांचा डोंगर असे आहे. चांगल्या साली त्यावर हजार बादल्या वाइन निघते म्हणून. डोंगराला उत्पन्नाच्या मापाचे नाव देणारी माणसे अण्णांना आपल्या जातीची वाटली.

त्या दुपारी कार्यक्रमात एका शेतकऱ्याच्या तळघराची भेट होती. दारावर फरच्या फांद्यांची जुडी टांगलेली होती. मार्गदर्शक मुलीने सांगितले, की १७८४ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने शेतकऱ्याला स्वतःच्या घरी स्वतःची वाइन विकण्याची मुभा दिली. तेव्हापासून विक्री सुरू असली की दारावर अशी जुडी टांगतात. मग तिने, काहीशा संकोचाने, १९८५ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी काही ऑस्ट्रियन व्यापाऱ्यांनी वाइनला गोडी व दाटपणा यावा म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकोल मिसळल्याचे उघडकीस आले. देशाची निर्यात जवळपास बुडाली, ज्यांनी काही केले नव्हते तेही भरडले गेले आणि अत्यंत कडक कायदा झाला. आज तिथल्या मालाला जी पत आहे ती त्या कायद्यानंतरची. अण्णांनी ही हकिकत दोनदा विचारून घेतली. गंधकाची जास्त धुरी देऊन रंग आणलेला बेदाणा ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.

मंडळी तळघरात उतरली. सातारकरही "नुसते पाहून येतो" म्हणून गेले. अण्णा आणि अक्का जर्दाळूच्या झाडाखालच्या बाकावर बसून राहिले. घरातली वृद्ध मालकीण बाहेर आली, दोघांकडे पाहिले आणि न विचारता द्राक्षाच्या ताज्या रसाची बाटली व दोन पेले घेऊन आली. अण्णांनी मुलीला बोलावून खात्री करून घेतली, की यात आंबवण नाही, फळ पिळले आणि तापवून बाटलीत भरले इतकेच. मग त्यांनी खिशातून हिरव्या बेदाण्याची पुडी काढली. अडत्याच्या खिशात वानगी नसेल असे होत नाही. बाईंनी दोन दाणे तोंडात टाकले, एक उजेडात धरला, आणि विचारले, उन्हात वाळवता का? सावलीत, अण्णांनी हातवारे करून सांगितले. शेडमध्ये, जाळ्यांवर, पंधरा दिवस. चार किलोचा एक किलो होतो. बाईंनी चार बोटे आणि एक बोट दाखवून पुन्हा खात्री केली आणि मान हलवली. अर्धा तास दोघांत दुभाषी लागला नाही.

त्या संध्याकाळी जहाजाच्या गच्चीवर अण्णा म्हणाले, "ती बाई पिढीजात वाइन करते. पण माणूस चोख." अक्का काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही सही दिली नाहीत, ते योग्यच केलेत. मी तेव्हाही तेच म्हणाले होते." अण्णांनी मान डोलावली. "पण त्यांनी बाग उपटल्यावर जाऊबाई आल्या होत्या घरी. तारा आणि लोखंडी अँगलचे पैसे मागायला. बेदाण्याचीच बाग लावायची होती, तास-ए-गणेशची. तुम्ही 'पाहू' म्हणालात. नंतर पाहिले नाहीत." नदीवर अजून ऊन होते. अक्का म्हणाल्या, "अहो, त्यात कुठले कर्मादान होते?"

अण्णांनी उत्तर दिले नाही. खरे तर उत्तर होते, आणि ते दोघांनाही माहीत होते. नियमाने नाही म्हणताना जे समाधान मिळाले होते, त्याचीच चटक लागली होती. शिवाय २०१९ मध्ये पाणी ओसरल्यावर दुकानातला चिखल काढायला पलूसहून सहा माणसे आली होती, चार दिवस राबली होती, त्यांच्यासाठी डबेही तिकडूनच येत. पाठवणारा स्वतः आला नव्हता. मजुरी विचारली तर माणसे म्हणाली, दिली आहे. भिंतीवरच्या त्या रेघेबरोबर हेही रंगाखाली गेले होते.

व्हिएन्नाला जहाज सोडले तेव्हा अक्कांनी सायकलीच्या आसनावर हात फिरवला. सामानात अण्णांनी एकच वस्तू वाढवली होती, वाखाऊच्या द्राक्षरसाची एक बाटली, तीन सदऱ्यांत गुंडाळलेली.

आषाढातील अष्टाह्निका सुरू होण्याच्या चार दिवस आधी, दुपारी, ते एकटेच पलूसला गेले. भिलवडीचा पूल ओलांडताना कृष्णा तांबडी होऊन वाहत होती. जाता जाता कुंडलचे डोंगर दिसले. लहानपणी दोघे भाऊ वडिलांबरोबर झरी पार्श्वनाथाच्या दर्शनाला तेथे चढत असत आणि धाकटा अर्ध्यावर खांद्यावर बसायचा हट्ट धरी.

बंधू बागेत होते. त्यांनी कात्री खिशात घातली, बांधावर पोते अंथरले, दोघे बसले. अण्णांनी बाटली पुढे केली. बंधूंनी ती उलटसुलट पाहिली, चिठ्ठीवरचे न कळणारे शब्द वाचण्याचा प्रयत्न केला आणि संशयाने विचारले, "हे काय?"

"रस आहे. नुसता."

"दर काय पडला?"

"पाऊण लिटरला साडेपाच युरो."

बंधूंनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे पाचशेच्या वर. आणि आपल्या द्राक्षाला किलोला चाळीस मिळाले तर दिवाळी." मग ते वाण, वेलींतले अंतर, पाणी, छाटणी असे एकेक विचारत गेले. अण्णा सांगत गेले. एकच छाटणी म्हटल्यावर बंधूंनी हातातली बाटली खाली ठेवली. बोलता बोलता ऊन डोंगराकडे सरकले.

"दहा साली," अण्णा म्हणाले, "तारा आणि अँगलला किती खर्च आला होता?"

"आता कशाला?"

"सांग तर."

"दोन लाख ऐंशी हजार. सोसायटीचे काढले. फिटले कधीच."

अण्णांनी खिशातून छोटी वही काढली, आकडा लिहिला, आणि वही मिटली नाही. "व्याज?" त्यांनी विचारले. बंधू त्यांच्याकडे पाहत राहिले. इतक्यात घरातून हाक आली, "दोघेही उठा आता. दिवस मावळायला आला, पाने वाढली आहेत."